सार्वजनिक संस्थेने बँक कशी निवडावी?

व्यापारी आपल्या पेढीसाठी बँक निवडतो, तेव्हा चुकीच्या निवडीची झळ त्याला स्वतःला लागते. शाळा, रुग्णालय, वाचनालय किंवा वसतिगृह चालविणाऱ्या संस्थेची गोष्ट निराळी आहे. तिच्या खात्यातील रक्कम ही देणगीदारांनी एका ठराविक कामासाठी सोपविलेली असते, आणि त्या कामाचा लाभ ज्यांना व्हावयाचा असतो, ते बहुधा त्या व्यवहारात कोठेच उपस्थित नसतात. बँक अडचणीत आली, तर दंड भोगतो तो वसतिगृहातील विद्यार्थी किंवा महिनाअखेरीस पगाराची वाट पाहणारी परिचारिका. बँकेची निवड ज्यांनी केली, त्या विश्वस्तांच्या घरची चूल मात्र पूर्वीसारखीच पेटत राहते. म्हणूनच हा निर्णय कार्यालयाला जवळची शाखा कोणती, एवढ्यावर सोपविणे इष्ट नाही.

प्रस्तुत प्रकरणात भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील आणि दिल्लीत कार्यालय असलेल्या संस्थांनी या प्रश्नाचा विचार कोणत्या क्रमाने करावा, हे पाहावयाचे आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कायदा काय करू देतो हे पाहावे. मग रक्कम कितपत सुरक्षित राहील, याचा विचार करावा. त्यानंतर सेवा आणि खर्च. आणि व्याजाचा दर सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात पुष्कळ संस्था हा क्रम नेमका उलटा धरतात.

१. कस्तुरबांच्या नावाचा निधी आणि त्यांच्या नावाचा रस्ता

नव्या दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. त्यामुळे मंत्रालयांतील कामासाठी दिल्लीला येणाऱ्या मराठी संस्थांच्या कार्यकर्त्यांना हा परिसर परिचयाचा असतो. जनपथ ओलांडून पश्चिमेस गेले की संसद मार्ग लागतो. तेथे रिझर्व्ह बँकेचे दिल्ली कार्यालय आहे आणि ११ क्रमांकाच्या इमारतीत भारतीय स्टेट बँकेची नवी दिल्ली मुख्य शाखा आहे. परदेशातून देणगी घेणाऱ्या प्रत्येक भारतीय संस्थेचा या शाखेशी आज अनिवार्य संबंध येतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

रस्त्याला ज्यांचे नाव आहे, त्यांच्या स्मृतीशी एका मोठ्या सार्वजनिक निधीचा इतिहास निगडित आहे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत असताना कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ ग्रामीण स्त्रिया व मुले यांच्यासाठी ७५ लाख रुपयांचा निधी जमविण्याचे ठरले. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला गांधीजींना ७५ वर्षे पूर्ण होत होती, हे त्या आकड्यामागचे कारण. लोकांनी उद्दिष्टापेक्षा पुष्कळ अधिक रक्कम दिली आणि त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. लहान लहान देणग्यांतून मोठी रक्कम जमली की ती सांभाळण्याची जबाबदारीही त्याच प्रमाणात वाढते, याचे हे ठळक उदाहरण होय.

गांधीजींचा या बाबतीतील कटाक्ष फार जुना होता. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसचे चिटणीस असताना त्यांनी प्रत्येक वर्गणीची पावती आणि पै-पैचा हिशेब यांवर भर दिला होता. सार्वजनिक संस्था कायम निधीच्या व्याजावर चालविणे हितावह नाही, असे मत ते अनुभवाअंती बनवीत गेले. संस्थेने लोकांकडे वरचेवर जावे, म्हणजे लोकांचा विश्वास तिला सतत मिळवावा लागतो, असा त्यामागचा विचार. हे मत सर्वांनाच पटेल असे नाही. आजच्या संस्थेला निदान काही महिन्यांच्या खर्चाची शिल्लक बाळगावीच लागते. तथापि बँकेत किती रक्कम ठेवावयाची आणि कशासाठी, हा प्रश्न बँक निवडण्याच्या आधीचा आहे, एवढे त्यातून निश्चित शिकता येते. खर्चाचे नियोजन नसलेल्या संस्थेच्या खात्यात पैसा साचत जातो, आणि साचलेल्या पैशालाच जोखीम असते.

२. कायद्याची चौकट

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. तो पूर्वी मुंबई राज्याच्या नावाने ओळखला जाई. आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याचे ३५ वे कलम प्रत्येक विश्वस्ताने एकदा तरी स्वतः वाचावे. न्यासाची जी रक्कम उद्दिष्टांसाठी लगेच किंवा लवकर खर्ची पडणार नसेल, ती शेड्यूल्ड बँकेत, टपाल बचत बँकेत किंवा राज्य शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवणे, अथवा सरकारी रोख्यांत गुंतविणे विश्वस्तांवर बंधनकारक आहे. शेड्यूल्ड बँक म्हणजे १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जिचे नाव समाविष्ट आहे, ती बँक. राष्ट्रीयीकृत बँका, मोठ्या खाजगी बँका आणि काही मोठ्या नागरी सहकारी बँका त्या यादीत आहेत.

या यादीत पतसंस्थेचे नाव नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तालुक्याच्या गावी पतसंस्थेचे कार्यालय बाजारपेठेत असते, तिचे संचालक ओळखीचे असतात, आणि तिचा व्याजदर बँकेपेक्षा एक-दोन टक्क्यांनी अधिक असतो. अनेकदा तिचा अध्यक्ष आणि आपल्या शिक्षणसंस्थेचा एखादा पदाधिकारी ही एकच व्यक्ती असते. अशा वेळी 'आपलाच माणूस आहे' या विश्वासावर न्यासाची ठेव तिच्याकडे जाते. ही ठेव कायद्याच्या चौकटीत बसत नाही आणि तिला ठेव विम्याचे संरक्षणही नसते. पुढे काही विपरीत घडले, तर विश्वस्तांना आपल्या निर्णयाचे समर्थन करणे कठीण जाते.

आयकराच्या दृष्टीनेही हीच शिस्त पाळावी लागते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११(५) ने धर्मादाय संस्थांना गुंतवणुकीचे मान्य मार्ग घालून दिले होते, आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही मान्य मार्गांचे तत्त्व कायम ठेवले आहे. मान्य मार्ग सोडून पैसा गुंतविला की करसवलत धोक्यात येते. शिवाय २,००० रुपयांहून अधिक रकमेची देणगी रोखीने दिल्यास देणगीदाराला करवजावट मिळत नाही. त्यामुळे देणगी बँकेमार्फत स्वीकारण्याची सोय असणे हे संस्थेच्या उत्पन्नाच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.

दिल्लीतील संस्थांची स्थिती थोडी वेगळी आहे. तेथे महाराष्ट्रातील धर्मादाय आयुक्तांसारखी यंत्रणा नाही. बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि त्यांच्या पैशाची व्यवस्था मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या घटनेवर अवलंबून असते. म्हणून अशा संस्थेने खाते उघडण्यापूर्वी आपली घटना काढून पाहावी. खाते कोणी उघडावे, सह्या कोणी कराव्यात आणि गुंतवणुकीस मंजुरी कोणी द्यावी, यांविषयी घटनेत स्पष्ट तरतूद नसेल, तर प्रथम तो दोष दूर करावा. महाराष्ट्रात नोंदलेल्या आणि दिल्लीत शाखा असलेल्या न्यासाला मात्र नोंदणीच्या ठिकाणचे बंधन दिल्लीतही पाळावे लागते.

३. सुरक्षिततेचा अर्थ

बँकेत ठेवलेला पैसा बुडू शकतो, ही कल्पना १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर वाढलेल्या पिढ्यांना काहीशी परकी वाटते. परंतु ठेव विम्याची व्यवस्थाच मुळी बँका बुडाल्यामुळे जन्माला आली. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळमधील पलाई सेंट्रल बँक या दोन बँका कोसळल्या. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाचे काम सुरू झाले. त्या वेळी प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होते. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत १९९३ मध्ये १ लाख रुपयांवर गेली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये करण्यात आली.

या संरक्षणाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. ५ लाखांची मर्यादा प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेपुरती असते. तीत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. एकाच बँकेच्या चार शाखांत संस्थेची चार खाती असली, तरी त्यांची बेरीज करूनच मर्यादा लावली जाते. व्यक्तीच्या दृष्टीने ५ लाख ही रक्कम बरीच आहे. पन्नास कर्मचारी असलेल्या रुग्णालयाच्या खात्यात मात्र एका महिन्याच्या पगारासाठीच त्याहून अधिक रक्कम असते. अर्थात, संस्थेच्या ठेवीचा फार मोठा भाग विम्याबाहेर असतो, असे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे, पैसा बुडणे आणि पैसा अडकणे हे दोन निराळे धोके आहेत. संस्थेला दुसराही तितकाच घातक ठरू शकतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा प्रारंभी प्रत्येक खात्यातून केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ती मर्यादा क्रमाक्रमाने वाढविण्यात आली. परंतु जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा व्यक्तिगत ठेवीदार आणि संस्थात्मक ठेवीदार यांच्यात भेद करण्यात आला. व्यक्तींच्या मोठ्या ठेवी वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी परत करण्याचे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांच्या विमाबाह्य ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे वर्षाला १ टक्का लाभांश देणाऱ्या अग्रहक्क भागांत रूपांतर झाले आणि उरलेल्या २० टक्क्यांच्या बदल्यात पुढे समभागांत रूपांतरित होणारे हक्कपत्र मिळाले. संकटकाळी संस्थेला व्यक्तीइतकी सहानुभूती मिळतेच असे नाही, हा धडा या योजनेतून घ्यावा लागतो.

पुण्याच्या रुपी सहकारी बँकेची कथा अधिक दीर्घ आहे. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना संपुष्टात आला. मधली नऊ वर्षे ठेवीदार वाट पाहत राहिले. अशा प्रदीर्घ प्रतीक्षेला आळा घालण्यासाठी २०२१ मध्ये ठेव विम्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम ठेवीदाराला मिळावी, अशी तरतूद आता आहे. पण ती विम्याच्या मर्यादेपुरतीच, हे विसरता येत नाही.

सहकारी बँकांपुरताच हा धोका आहे, असा समज करून घेणेही चुकीचे होईल. ५ मार्च २०२० रोजी येस बँक या मोठ्या खाजगी बँकेवर निर्बंध आले आणि प्रत्येक ठेवीदाराला ५०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. त्या वेळी पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या सुमारे ५४५ कोटी रुपयांच्या मुदत ठेवी त्या बँकेत होत्या. देवस्थानाचा एवढा मोठा निधी एका खाजगी बँकेत का ठेवला, हा प्रश्न ओडिशात तीव्रतेने विचारला गेला. स्टेट बँक व इतर बँकांनी भांडवल घातल्यावर १८ मार्चला निर्बंध उठले आणि पुढे देवस्थानाला आपली रक्कम परत मिळाली. तेरा दिवसांत संकट टळले, ही दैवाची कृपा म्हणावी; विश्वस्तांच्या दूरदृष्टीचे श्रेय त्यात नव्हते.

मग सुरक्षित बँक ओळखावी कशी? संपूर्ण खात्री देणारी कसोटी नाही. तथापि काही खुणा सामान्य विश्वस्तालाही पाहता येतात. बँकेच्या वार्षिक अहवालातील दोन आकडे प्रथम पाहावेत. एक म्हणजे भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण. वाणिज्य बँकांसाठी ते किमान ९ टक्के आणि त्यावर राखीव थर, असे बंधन आहे. दुसरा, निव्वळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण. ते वर्षागणिक वाढत असेल, तर तो इशारा समजावा. सरकारी मालकीच्या बँकांमागे शासनाचा आधार असतो. त्याखेरीज स्टेट बँक, आयसीआयसीआय बँक आणि एचडीएफसी बँक या तीन बँका कोसळल्यास संपूर्ण अर्थव्यवस्थेला धक्का बसेल म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यांना विशेष महत्त्वाच्या ठरविले आहे आणि त्यांच्याकडून अधिक भांडवलाची अपेक्षा ठेवली आहे. वार्षिक अहवाल वेळेवर प्रसिद्ध न करणारी किंवा इतरांपेक्षा लक्षणीय अधिक व्याज देऊ करणारी बँक संस्थेने दुरूनच पाहावी.

४. सहकारी बँकेचा प्रश्न

येथे महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात एक रास्त शंका उभी राहील. या राज्यात सहकारी बँकांनी शाळांना इमारतीसाठी कर्जे दिली, वाचनालयांना देणग्या दिल्या, आणि ज्यांना मोठ्या बँका दारात उभे करीत नसत, अशा लहान माणसांना पत मिळवून दिली. २०२५ मध्ये निर्बंध आलेली न्यू इंडिया सहकारी बँकदेखील १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने, कामगारांची बँक म्हणूनच सुरू झाली होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. अशा बँकांकडे सेवाभावी संस्थेने सरसकट पाठ फिरवावी काय?

तशी आवश्यकता नाही. स्थानिक सहकारी बँकेचा व्यवस्थापक संस्थेला ओळखतो. ग्रामीण भागातील देणगीदाराचे खाते त्याच बँकेत असते. सुट्या पैशांचा भरणा तेथे कटकटीविना होतो. हे लाभ खरे आहेत, आणि ते व्यवहाराच्या खात्यातून मिळतात. दहा वर्षांचा राखीव निधी तेथेच ठेवल्याने त्यांत काहीच भर पडत नाही. म्हणून बँक शेड्यूल्ड किंवा शासनमान्य असेल, तर दैनंदिन खाते तेथे ठेवावे, त्यातील शिल्लक विम्याच्या मर्यादेच्या बरीच आत राखावी आणि मोठी ठेव अन्यत्र ठेवावी. सहकाराविषयीची आस्था आणि विश्वस्ताचे कर्तव्य यांची सांगड अशी घालता येते.

जास्त व्याजाच्या मोहाविषयी एक साधा हिशेब पुरेसा आहे. ३० लाखांच्या ठेवीवर १ टक्का अधिक व्याज म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. त्यासाठी विम्याबाहेरचे २५ लाख रुपये धोक्यात घातले जातात. ती रक्कम बुडाली, तर ३०,००० रुपयांच्या वार्षिक लाभातून ती भरून येण्यास त्र्याऐंशी वर्षे लागतील. एवढा धीर धरू शकणारी संस्था विरळा.

५. परदेशी देणगी: जेथे निवडीस वाव नाही

परदेशी देणगीच्या बाबतीत बँकेच्या निवडीचा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला आहे. या विषयावरील पहिला कायदा १९७६ चा; त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. २०२० पर्यंत संस्थेला परदेशी देणगीसाठी आपल्या पसंतीच्या बँकेत एक निर्दिष्ट खाते उघडता येत असे. सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही मुभा काढून घेतली. परदेशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील, म्हणजे ११, संसद मार्ग येथील खात्यातच जमा झाली पाहिजे, असा नियम झाला. जुन्या संस्थांना त्यासाठी प्रारंभी ३१ मार्च २०२१ पर्यंत मुदत होती. ती पुढे ३० जून २०२१ पर्यंत वाढविण्यात आली. या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. परंतु ८ एप्रिल २०२२ च्या निकालाने न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली.

गडचिरोलीच्या जंगलात किंवा कोकणातील एखाद्या खेड्यात काम करणाऱ्या संस्थेला दिल्लीतील शाखेचे नाव ऐकूनच धसका बसणे स्वाभाविक आहे. व्यवहारात मात्र खाते उघडण्यासाठी दिल्लीस जाण्याची गरज नसते. आपल्या भागातील स्टेट बँकेच्या शाखेमार्फत कागदपत्रे पाठविता येतात. दिल्लीत पैसा जमा झाल्यावर तो वापरण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही शेड्यूल्ड बँकेत खाते उघडण्यास कायद्याची परवानगी आहे. अर्थात निवडीचा प्रश्न पूर्णपणे संपत नाही. तो वापराच्या खात्यापाशी येऊन थांबतो. तेथे सुरक्षिततेचे आणि सेवेचे वर सांगितलेले सर्व निकष पुन्हा लागू होतात.

या बाबतीत तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. परदेशी आणि देशी पैसा एका खात्यात कधीही मिसळू देऊ नये. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवू नये; २०२० पासून त्यास बंदी आहे. आणि प्रशासकीय खर्च अशा देणगीच्या २० टक्क्यांच्या आत राखावा. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. हेतू चांगला असूनही केवळ खात्यांची सरमिसळ झाल्यामुळे संस्था अडचणीत येते. त्यामुळे परदेशी देणगीचा व्यवहार काय असतो, हे जाणणारा कर्मचारी ज्या शाखेत आहे, ती शाखा वापराच्या खात्यासाठी पसंत करावी.

६. खाते, सह्या आणि सेवा

सुरक्षिततेची खात्री पटल्यावर सेवेचा विचार करावा. पहिला प्रश्न खात्याच्या प्रकाराचा. संस्था म्हटली की चालू खातेच उघडावे लागते, असे काही शाखांत सांगितले जाते. ते बरोबर नाही. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था, कंपनी कायद्याखालील ना-नफा कंपन्या आणि ज्यांचे संपूर्ण उत्पन्न आयकरमुक्त आहे अशा संस्था यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बचत खाते उघडता येते. चालू खात्यावर व्याज मिळत नाही. म्हणून ही माहिती घेऊनच शाखेत जावे आणि नोंदणीचे व करसवलतीचे प्रमाणपत्र सोबत न्यावे.

दुसरा प्रश्न सह्यांचा. तीन पदाधिकाऱ्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्यांनी व्यवहार व्हावा, ही पद्धत अनुभवाने उत्तम ठरली आहे. एकजण आजारी पडला किंवा बाहेरगावी गेला, तरी काम अडत नाही, आणि एकट्याच्या हाती सर्व सत्ताही राहत नाही. कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सह्या करून ठेवण्याची सवय घातक आहे. संगणकावरून होणाऱ्या व्यवहारांतही हीच तत्त्वे पाळता येतात: एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यावयाची. अशी दुहेरी व्यवस्था संस्थेच्या खात्याला देण्याची ज्या बँकेची तयारी नसेल, तिला या एका कारणासाठीही नकार द्यावा. परवलीचा शब्द एका कारकुनाच्या वहीत लिहिलेला असेल, तर तीन सह्यांच्या ठरावाला काही अर्थ उरत नाही.

तिसरा प्रश्न पदाधिकारी बदलण्याचा. महाराष्ट्रात विश्वस्त बदलले की त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. हा अर्ज प्रलंबित राहिला किंवा विश्वस्तांत तंटा उद्भवला, तर बँक खात्यावरील व्यवहार थांबवू शकते. तेव्हा दोष बँकेचा नसतो. बदल होताच ठराव, अर्ज आणि नव्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे बँकेत सादर करण्याची शिस्त संस्थेनेच लावून घेतली पाहिजे.

शुल्काचा विचार थोडक्यात करता येईल. किमान शिल्लक, धनादेशपुस्तक, रोख भरणा आणि खात्याचे उतारे यांचे दर लेखी मागून घ्यावेत आणि दोन-तीन बँकांची तुलना करावी. मात्र वर्षाला हजार-दोन हजार रुपये वाचविण्यासाठी ज्या शाखेत आपले काम समजणारा अधिकारी आहे ती सोडणे, यात शहाणपण नाही.

७. एक उदाहरण

हे सर्व निकष एकत्र कसे लावावेत, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मराठवाड्यात ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालविणारी एक संस्था आहे. तिचा वार्षिक खर्च ६० लाख रुपये, म्हणजे महिन्याला ५ लाख. त्यातील ५० लाख देशातून व १० लाख परदेशातून येतात. सहा महिन्यांच्या खर्चाइतका, म्हणजे ३० लाखांचा राखीव निधी तिच्यापाशी आहे. आजवर सारी रक्कम तालुक्याच्या एकाच बँकेत होती.

या संस्थेने जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी मालकीच्या बँकेत मुख्य बचत खाते उघडावे. देशी देणग्या तेथेच याव्यात. किराणा, दूध आणि रोजच्या खर्चासाठी तालुक्याच्या शासनमान्य सहकारी बँकेतील खाते चालू ठेवावे. पण त्यात ३ लाखांहून अधिक शिल्लक राहू देऊ नये. परदेशी देणगीसाठी संसद मार्गावरील शाखेत खाते असावे आणि वापरासाठी मुख्य बँकेतच एक स्वतंत्र खाते काढावे. राखीव निधी दोन सुदृढ बँकांत विभागून ठेवावा आणि ठेवींच्या मुदती अशा लावाव्यात की दर तिमाहीला एखादी ठेव परत येईल. पावसाळा लांबला, तोडणीचा हंगाम उशिरा संपला आणि मुले दोन महिने अधिक राहिली, तरी मुदतीपूर्वी ठेव मोडण्याची पाळी त्यामुळे येणार नाही.

खाती याहून अधिक वाढवू नयेत. ५ लाखांच्या विम्याचा पुरेपूर लाभ घेण्यासाठी आठ बँकांत आठ खाती उघडण्याची कल्पना कागदावर आकर्षक वाटते. परंतु प्रत्येक खात्याबरोबर ठराव, सह्या, उतारे आणि ताळमेळ यांचा भार वाढतो. ज्या संस्थेत एकच अर्धवेळ लेखनिक आहे, तेथे विसरलेले खाते हाही एक धोकाच असतो.

८. वार्षिक फेरतपासणी

बँकेची निवड एकदा करून संपत नाही. दरवर्षी लेखापरीक्षण झाल्यानंतरच्या पहिल्या सभेत विश्वस्तांनी पुढील प्रश्न कार्यवृत्तात नोंदवून तपासावेत:

(१) कोणत्या बँकेत किती रक्कम आहे आणि तीपैकी विम्याच्या मर्यादेबाहेर किती आहे?
(२) प्रत्येक बँक कायद्याच्या यादीत आजही बसते काय?
(३) तिचे भांडवलाचे आणि अनुत्पादक कर्जांचे आकडे गेल्या वर्षीपेक्षा सुधारले की बिघडले?
(४) बँकेच्या संचालकांशी आपल्या कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे काय? असल्यास त्याने या निर्णयात भाग घेतला काय?
(५) दरमहा कीर्द आणि बँकेचा उतारा यांचा ताळमेळ घातला गेला काय, आणि तो सह्या करणाऱ्यांखेरीज अन्य कोणी तपासला काय?
(६) उद्या सकाळी मुख्य बँकेवर निर्बंध आले, तर पगार आणि भोजनखर्च किती दिवस भागविता येईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'एकही दिवस नाही' असे असेल, तर इतर सर्व उत्तरे समाधानकारक असूनही व्यवस्था अपुरी समजावी. निदान एका महिन्याचा खर्च दुसऱ्या बँकेत सहज काढता येईल अशा रीतीने ठेवणे कोणत्याही संस्थेला अवघड नाही. त्यासाठी एक ठराव, तीन ओळखपत्रे आणि शाखेतील एका दुपारचा वेळ पुरतो. हे काम संकट येण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण निर्बंधाची बातमी कळल्यानंतर बँकेच्या दाराशी रांगेत उभ्या राहिलेल्या विश्वस्ताला निवडीचा अधिकार उरलेला नसतो.